अंतरपाटाचं उजवं टोक

१२ डिसेंबर २०२४

धाऊ साडू यांस कोंडूचा रामराम.

पत्र बघून दचकू नका. घरात सगळे जिवंत आहेत.

तुमची फार आठवण आली म्हणून लिहितो आहे असं नाही. शहापूरला व्यायाम शिकवणारी जी बाई आहे, तिने रोज एक पान मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलं आहे. या कंपवाताच्या आजारात हाताबरोबर अक्षरही आखडतं म्हणे. माझं मुंगीएवढं झालं होतं, बँकेतली सही जुळेना. आधी मी देवांची नावं लिहिली, मग नातेवाइकांची, मग भाताच्या जाती लिहिल्या. सातवी झालेला माणूस आणखी काय लिहिणार? तुमची थोरली मेव्हणी, आमची सोनूबाई, म्हणाली, "धाऊभावजींना लिवा की. फोनवर तुमाला त्यांचं कळत नाय नि त्यांना तुमचं आयकू येत नाय."

ते खरं आहे. ऑपरेशनपासून तुमचं बोलणं तोंडात भात असल्यासारखं येतं. मी फोन कानाला लावून नुसता हां हां करतो.

तुम्हाला बघायला मी आलो नाही, त्याचं कारण आमच्या अनिकेतला सुट्टी नव्हती. सोनूबाई एसटीने येऊन गेली, तेवढं पुरे. तिने घरी येऊन सांगितलं ते सगळं मी ऐकलं. डोक्याला लोखंडी चौकट आवळली, जागं ठेवूनच भोक पाडलं, बोअर मारतात तसा आवाज आला, आणि आत तार घालताना डॉक्टर तुम्हाला भाज्यांची नावं विचारत होते. तुम्ही शिराळं, पडवळ, कारलं करत रानभाज्यांपर्यंत गेलात आणि डॉक्टरांना कोरळ म्हणजे काय ते समजावून सांगितलंत. ही गोष्ट सोनूबाईने आळीत सगळ्यांना सांगितली आहे. मला ती पाठ झाली आहे.

शिवाय तो व्हिडिओ. तुमच्या सुनेने, दीप्तीने, पाठवलेला. तुम्ही बशीत चहा ओतता आणि पिता. एवढंच आहे त्यात. एक थेंब सांडत नाही. सोनूबाई तो रोज बघते. परवा भांडी घासता घासता बघत होती. मी म्हटलं, "पाठ झाला असंल आता." तर म्हणाली, "मानूस चांगला झालेला बघावासा वाटतो, त्यात तुमचं काय जातं?"

माझं काय जातं ते मी तिला सांगितलं नाही. मला ती चहा पाजते. पेल्याला हात लावू देत नाही, कारण गेल्या महिन्यात माझ्या हातून तिच्या पायावर सांडला.

बघा, अक्षर बारीक व्हायला लागलं. थांबतो.

कोंडू

२९ डिसेंबर २०२४

धाऊ साडू,

तुमचं उत्तर आलं नाही. दीप्तीने फोन करून सांगितलं की ती तुम्हाला माझं पत्र वाचून दाखवते आणि तुम्हाला आवडतं. आवडायला मी काही गोड लिहिलेलं नव्हतं.

आज दुसरी गोष्ट लिहितो. ती मनात आहे म्हणून रात्री झोप येत नाही. सोनूबाई म्हणते झोप आजारामुळे येत नाही.

आपण दोघे एकाच दिवशी मुंबईला त्या मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. एकाच गाडीतून गेलो. आजार एकच. लोक म्हणतातच ना, गोजरांनी दोन मुली दिल्या आणि दोन्ही जावई चाळणीवर बसवले. वयात फरक दोन वर्षांचा. मग ऑपरेशनला तुम्ही कसे निवडले गेलात आणि मी कसा नाही?

तुम्ही आठवून बघा. सकाळी बाकावर आपण शेजारी बसलो होतो. तुमचा डावा हात मांडीवर असा उडत होता की पलीकडच्या बाईने आपली पिशवी उचलून घेतली. पाय जमिनीवर वाजत होते. तोंडातून लाळ आली ती तुमच्या बायकोने, लहानीने, पदराने पुसली. मला तुमच्यासाठी शरम वाटली, खरं सांगतो. मग त्या डॉक्टरीणबाईने आपल्याला एकेकाला आत नेलं. बोटं चिमटीसारखी उघडा मिटा, टाच आपटा, हात न टेकता खुर्चीतून उठा, दारापर्यंत जाऊन वळून या. तुम्ही उठताना दोनदा मागे पडलात. वळताना भिंत धरलीत. दार उघडं होतं, मी सगळं पाहिलं.

मी मात्र पहिल्या झटक्यात उठलो. चाललो, वळलो, बोटं वाजवली. ती डॉक्टर पोरगी म्हणाली, "वा आजोबा!" तुम्हाला ती वा म्हणाली नाही.

परीक्षा म्हटली की माणसाने तयारी करून जावं. आपल्या सासऱ्यांनी मला बघायला बोलावलं तेव्हा भाताचा भारा डोक्यावर देऊन ओल्या बांधावरून चालायला लावलं होतं. मी आधी आठ दिवस आमच्या बांधावर सराव करून गेलो होतो. म्हणून तर थोरली मला मिळाली. दवाखान्यातही माझी तयारी होती. काय तयारी, ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

तरी निवड तुमची झाली. वशिला कोणाचा होता तेवढं कळवा.

कोंडू

१७ जानेवारी २०२५

धाऊ साडू,

म्हशाच्या जत्रेत तुम्ही मला पाहिलंत. मीही तुम्हाला पाहिलं. मी जीपमध्ये झोपलो नव्हतो. डोळे मिटले होते.

अनिकेत म्हणाला, "बाबा, चला, बैल बघू." गर्दीत माझे पाय जमिनीला चिकटतात. घरात उंबऱ्यावरसुद्धा चिकटतात. सोनूबाईने प्रत्येक दारात खडूने आडवी रेघ मारून ठेवली आहे. रेघ दिसली की पाय तिच्यावरून उचलतो. का उचलतो ते डॉक्टरलाच माहीत. जत्रेत रेघा कोण मारणार? म्हणून मी जीपमध्येच बसलो.

आणि मग तुम्ही आलात. डोक्यावर टोपी, खांद्यावर नवी घोंगडी, एका हातात लहानीची पिशवी. बैलांच्या रांगेतून असे चालत होतात की जणू तुम्हीच बाजार भरवला आहे. लोक थांबवून थांबवून विचारत होते. एकाने तर टोपी काढायला लावून डोक्यावरची दोन टेंगळं बघितली. छातीवर कातडीखाली ती काड्यापेटीएवढी बॅटरी आहे, तिच्यावर बोट लावून बघितलं. तुम्ही हसत उभे राहिलात. माझं डोकं कोण बघणार? त्यात काही नाहीच.

तुम्ही जीपजवळ येऊन काच वाजवलीत आणि काहीतरी बोललात. मला कळलं नाही. दीप्तीने सांगितलं, "मामा इचारतात, थोरले साडू रागावलेत का?" सोनूबाई म्हणाली, "नाय गो, झोपलेत." मी आतून ऐकत होतो.

एक गोष्ट लिहितो. तुमचं बोलणं कळलं नाही तेव्हा मला बरं वाटलं. वाईट आहे, पण वाटलं. भाताच्या आवणीच्या वेळी तुम्ही या बांधावरून हाळी दिलीत की सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत जायची. गोजरांच्या प्रत्येक लग्नात शेवटचं मंगलाष्टक तुमचंच. माझा आवाज कधी कोणाला आठवत नाही. आता तुमचा आवाजही माझ्यासारखाच झाला, निदान एका बाबतीत बरोबरी झाली, असं वाटलं.

दीप्ती सोनूबाईला सांगत होती ते मी ऐकलं. यंत्र चालू-बंद करायचा रिमोट तुमच्या खिशात असतो, एक जास्तीचा तिच्या पर्समध्ये, आणि तो बॅटरीवर धरायचा असतो. यंत्राचा जोर कमी केला की तुमची जीभ मोकळी होते पण हात सुरू होतो. जोर वाढवला की हात राहतो पण जीभ जड होते. डॉक्टर म्हणाले दोन्हीच्या मध्ये कुठेतरी बसवत बसवत आणू, वेळ लागेल. तुम्ही त्यांना म्हणालात, तोपर्यंत हात द्या, बोलून कोणाचं पोट भरलंय.

माझ्यासाठी घोंगडी जीपमध्ये टाकून गेलात. ती मी पांघरणार नाही. सोनूबाई पांघरते.

कोंडू

९ फेब्रुवारी २०२५

धाऊ,

आज बुधू येऊन गेला. आपला मेव्हणा असला तरी तो मला दाजी म्हणताना नेहमी खाली बघतो, आज तर वर बघितलंच नाही. त्याच्या नातीचं, मनस्वीचं लग्न ठरलं. अकरा मे, सरळगावला, घरासमोरच मांडव. तुम्हाला हे आधीच माहीत असणार. तुमच्याकडे तो आधी आला असणार.

पत्रिका दिली, चहा घेतला. मला सोनूबाई पाजत होती ते बघितलं. मग म्हणाला, "दाजी, या टायमाला तुमी आरामात बसायचं. अंतरपाटाचं उजवं टोक आदेश धरंल. पोरांनाबी शिकू दे ना."

आदेश म्हणजे त्याचा जावई. तीन वर्षं झाली त्याला जावई होऊन.

मी विचारलं, "नि डावं?"

"डावं धाऊभावजी. ते आता ठणठणीत झालेत."

सोनूबाईने माझ्याकडे पाहिलं आणि बुधूला दारापर्यंत सोडायला गेली.

गोजरांच्या घरात अंतरपाट बाहेरचा माणूस धरत नाही. थोरला जावई उजव्या टोकाला, धाकटा डाव्या. सासऱ्यांनी घालून दिलं आहे. का, तर जावई कितीही भांडले तरी एका कापडाला दोघांनी सारखा ताण द्यावा लागतो. त्या घरातली किती लग्नं आपण लावली. मागच्या लग्नात दोन्ही टोकं हलली, कोणीतरी ओरडलं, "अरे पंखा बंद करा!" आणि मांडव हसला. पण ते हसणं दोघांत वाटलं गेलं. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही माझ्याकडे, आणि आपणही हसलो. आता तुमचं टोक भिंतीवरच्या खिळ्यासारखं राहणार आणि मी खुर्चीत.

म्हणून आता सांगतोच. माझी तयारी काय होती ते ऐका.

मी गोळी घेऊन गेलो होतो. त्या पोरीने फोनवर बजावलं होतं, आदल्या रात्रीपासून गोळी घ्यायची नाही, बिनगोळीचं या. तुम्ही ऐकलंत. तुम्ही येडेच. मी गोळी पानाच्या चंचीत ठेवली आणि दवाखान्याच्या संडासात जाऊन घेतली. तुम्ही बाकावर लोकांसमोर नाचत होतात तेव्हा माझे हातपाय हळूहळू मोकळे होत होते. म्हणून मी नवरदेवासारखा चाललो. मग त्यांनी स्वतःच्या हाताने आपल्याला गोळी दिली, तासाभराने पुन्हा तीच परीक्षा घेतली. तुम्ही तेव्हा बरे चाललात. मी तर आधीच चांगला चाललो होतो, दुसऱ्यांदाही तसाच चाललो. दोन्ही वेळा पास! आणि मोठे डॉक्टर अनिकेतला काय म्हणाले? "गोळीने यांच्यात फारसा फरक पडत नाही. ज्यांना गोळीने फरक पडतो त्यांनाच या ऑपरेशनचा उपयोग होतो."

फरक कसा पडेल? मी आधीच बरा होतो!

नापास झालेल्याला पुढच्या वर्गात घातलं आणि पास झालेल्याला घरी पाठवलं. याला वशिला म्हणत नाहीत तर काय म्हणतात?

हे पत्र दीप्तीने वाचून दाखवलं तरी चालेल. मला कोणाची भीती नाही.

कोंडू

२ मार्च २०२५

धाऊ साडू,

तुमच्या सुनेला सांगा की दुसऱ्याच्या घरात फोन करायची गरज नव्हती.

तिने पत्र वाचलं आणि दवाखान्याला फोन केला, मग अनिकेतला केला. अनिकेत आसनगावला उतरून घरी आला तो चपला न काढता आत आला. म्हणाला, "बाबा, तुमी गोळी घेतली होती?" मी म्हटलं, "कोण सांगतं?" तो म्हणाला, "तुमीच लिवलंय!" मग खाली बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरगा बसून नुसता पायाकडे बघत राहिला. सोनूबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मी इचारलं होतं, चंचीत काय हाय. बोलले सुपारी."

आता मला कळलं आहे. इतका मी मठ्ठ नाही. गोळीशिवाय माणूस किती वाईट आणि गोळीने किती बरा, यातला फरक ते मोजत होते. बांधावरून भारा नेण्याची परीक्षा नव्हती ती. हे मला आधी कोणी समजावून सांगितलं असतं तर? तर मी काय केलं असतं ते मलाही माहीत नाही. तुम्ही शेजारी बसला होतात ना.

दवाखान्याने पुन्हा तारीख दिली, लग्नानंतरच्या गुरुवारची. मी त्यांना कळवलं आहे की मी येणार नाही.

त्यावर तुम्ही स्वतः आलात. मुरबाडहून दोन एसट्या बदलून. अंगणातून चालत आलात तेव्हा दारातल्या खडूच्या रेघा तुम्ही बघितल्यात आणि त्यांच्यावर पाय न देता आत आलात. बसलात आणि हळूहळू, एकेक शब्द तोडून बोललात, म्हणून या वेळी मला बरंचसं कळलं.

"थोरले साडू. मी बसलो ना. तसा. सगल्यांसमोर. मेलो काय?"

मी म्हटलं, "तुमाला लाज नाय, म्हनून."

"लाज. होती. लय. लहानीनं. लाळ पुसली. तवा. वाटलं. उठून. जावं."

"मग गेलात का नाय?"

तुम्ही हसलात. "उठता. येत. नव्हतं."

सोनूबाई तोंडावर पदर धरून हसली. मलाही हसू येत होतं, मी दाबलं.

मग तिने चहा आणला. तुम्ही बशीत ओतला नाहीत. पेल्यातनंच प्यालात, अर्धा ठेवलात. मला कळलं नाही असं समजू नका. तुम्हाला बशीतलाच लागतो. माझ्यासमोर माझ्यावर दया करून पेल्यातून पिणारा माणूस मला नको. पुढच्या वेळी बशीतच प्या, मला काय जळायचं ते मी जळेन.

गुरुवारी मात्र मी जाणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे रात्रभर गोळी नसली की काय होतं. कुशीवर वळवायला सोनूबाई लागते. सकाळी माझं अंग म्हणजे वाळलेला पेंढा. तोंड उघडं राहतं. असं मला अनिकेतने बघितलेलं नाही, आणि मुंबईच्या बाकावर सगळी दुनिया बघणार. नको.

कोंडू

२० एप्रिल २०२५

धाऊ साडू,

थोडक्यात लिहितो, हात चांगला नाही. मी लग्नाला येत नाही. सोनूबाई येईल, तिच्या भावाची नात आहे. कोणी विचारलं तर पोट बिघडलं म्हणून सांगा. आदेशला सांगा, उजवं टोक खांद्याच्या वर धरायचं, नवरदेव उंच आहे असं ऐकतो. आणि कापडाला मध्ये झोळ पडू द्यायचा नाही. डावीकडचा माणूस कितीही ओढो.

कोंडू

१२ मे २०२५

धाऊ साडू,

काल मी आलो. का आलो ते सोनूबाईला विचारा. ती सकाळी साडी नेसून उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "बहिणीनं इचारलं तुमचे मालक कुठंत, तर काय सांगू? आमचे मालक कापडावर रुसले?" एवढं ऐकून घेण्यापेक्षा मांडवात खुर्चीवर बसणं बरं, म्हणून आलो.

काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी मी लिहितो. मी बघितलं ते आणि तुम्ही लोकांना सांगता ते वेगळं आहे.

मी मांडवाच्या कडेला, जेवणाच्या टेबलांकडे पाठ करून बसलो होतो. मनस्वी पाटावर उभी. आदेश उजव्या टोकाला, नवा शर्ट, तुम्ही डाव्या. अंतरपाट असा ताठ की त्यावरचं स्वस्तिक भिंतीवर काढल्यासारखं. भटजींनी तोंड उघडलं आणि तुम्ही तुमचं टोक सोडून दिलंत. कापड खाली लोंबलं. तुम्ही काहीतरी बोललात, कोणालाच कळलं नाही. भटजी म्हणाले, "काय झालं? यांना घेरी आली का?" मग दीप्ती पुढे येऊन मोठ्याने म्हणाली, "मामा बोलतात, उजवं टोक थोरल्या साडूंचं हाय. ते धरतील तवा मी डावं धरीन."

सगळा मांडव वळून माझ्याकडे बघायला लागला. मला तुमचा इतका राग आला की सांगता येत नाही. ज्याला लपून बसायचं आहे त्याला असं काढतात का?

बुधू आला. "दाजी, चला. माझं चुकलं."

मी म्हटलं, "मुहूर्त टळंल. धरू दे त्या पोराला."

तिकडून नवरदेवाचा मामा ओरडला, "अवो आजोबा, उठा ना, नवरा उभा राहून म्हातारा व्हायला लागला!"

उठलो. बुधूने हात दिला. मांडवाच्या मध्यात पाय चिकटले. मी तसाच उभा. लोक बघतायत. सोनूबाईने काय केलं ते तुम्ही बघितलंत, तिने वेणीतला गजरा काढून माझ्या पायापुढे आडवा टाकला. पाय उचलला. दोन पावलं झाली की पुन्हा चिकटला, तिने तोच गजरा उचलून पुन्हा पुढे टाकला. असा मी गजऱ्यावरून उड्या मारत नवरीपर्यंत पोचलो. बायका हसत होत्या, काही रडत होत्या. मी कोणाकडे बघितलं नाही.

टोक हातात घेतलं. लगेच हलायला लागलं. तुमचं टोक स्थिर, माझं असं हलतंय की स्वस्तिकाचे हात दिसेनात. मागून कोणीतरी पोर म्हणालं, "एका साईडला भूकंप हाय." मनस्वी कापडामागे हसली असावी, तिच्या बांगड्या वाजल्या. वाटलं टोक टाकून द्यावं.

तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही कापड एका हातात घेतलंत. दुसरा हात खिशात घातलात, काहीतरी बाहेर काढलंत आणि छाती खाजवल्यासारखं करून ते बॅटरीवर धरलंत. नंतर खिशात ठेवलंत. कोणी बघितलं नाही. मी बघितलं. पहिलं मंगलाष्टक संपेपर्यंत काही नाही. दुसऱ्याला तुमचं बोट हललं. मग मनगट. मग सगळं टोक. मग सगळा अंतरपाट दोन्हीकडून असा हलायला लागला की नवरदेव मध्येच वाकून बघायला लागला. कोणीतरी ओरडलं, "पंखा! पुन्हा पंखा लावला!"

आणि मांडव हसला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमची हनुवटी उडत होती. बाकावर उडत होती तशीच.

मग शेवटचं मंगलाष्टक तुम्ही म्हटलंत. अख्खं. एकेक शब्द मोकळा, जुना आवाज. लहानी रडली. सोनूबाई रडली. अक्षता पडल्या, आदेशने धावत येऊन तुम्हाला धरलं, दीप्ती पर्समधून दुसरा रिमोट शोधत ओरडत होती, "मामा, काय केलंत तुमी हे?" तुम्ही तिला म्हणालात, "मंगलाष्टक म्हनायचं होतं गो, जीभ मोकळी पायजे म्हनून बंद केलं." सगळ्यांना ते पटलं. सगळे जेवताना म्हणत होते, धाऊंनी काय गायलं.

मला नाही पटलं. मंगलाष्टकासाठी बंद करायचं तर शेवटी केलं असतंत. तुम्ही पहिल्यालाच केलंत, माझ्या टोकाकडे बघून.

रात्री सोनूबाईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय." मग म्हणाली, "तुमी केलं असतं काय?"

दिवसभर तेच मनात आहे. बायको तुमची गोष्ट सांगते, लोक तुमचं डोकं बघतात, मांडव तुमचं गाणं ऐकतो, हे सगळं मी सोसलं असतं. पण आता मला ज्याचा हेवा वाटतो ते कोणा डॉक्टरने तुमच्या डोक्यात घातलेलं नाही. त्यासाठी काय परीक्षा असते ते मला माहीत नाही.

घोंगडी काल रात्री मी पांघरली. मे महिन्यात. सोनूबाई म्हणाली, "उकडत नाय का?" मी म्हटलं, नाही.

गुरुवारी मी जातो आहे. चंची सोनूबाईकडे दिली आहे, तिने ती पिठाच्या डब्यात ठेवली. आदल्या रात्रीपासून गोळी नाही. अनिकेत रजा काढून येणार आहे, त्याने बघितलं तर बघू दे. निवड होईल की नाही ते मी आता बोलत नाही, ते मोजतील तसं होईल.

तुम्ही यायचं. दोन एसट्या बदलायच्या नाहीत, आमची गाडी सरळगावावरून येऊन तुम्हाला मुरबाडला घेईल. त्या बाकावर माझ्या शेजारी बसायचं, त्या दिवशी मी बसलो होतो त्या जागी. माझी लाळ आली तर सोनूबाईला पुसू द्यायची, तुम्ही दुसरीकडे बघायचं नाही. नीट बघायचं.

आणि यंत्र चालू ठेवायचं. छाती कितीही खाजली तरी खिशात हात घालायचा नाही. त्या दिवशी एकट्याने हलायची पाळी माझी आहे.

कोंडू